हिवाळ्यातलं चुंबकत्व

पडद्यावरची रेघ डावीकडून निघाली ती उजव्या टोकाला पोचेपर्यंत कुठे म्हणून वाकली नाही. चिहाया ओनोदेरा खुर्चीच्या कडेवर टेकून तिच्याकडे बघत होती आणि मनातल्या मनात विनवत होती, वाक गं बाई, जराशी तरी वाक. रेघ कसली ऐकते! नमुन्यात चुंबकत्व असेल तर ती वाकते, मधोमध तिला छान पोट येतं; नसेल तर लाख विनवण्या करा, सरळ ती सरळच. सोमवारी केलेली पहिली फिल्म, म्हणजे पट्टीवर चढवलेला पातळ थर, अशीच निघाली होती. आज बुधवारी ही दुसरी.

तिच्या मागे चौकशी समितीची तीन माणसं उभी होती. त्यातल्या दोघांनी दोन्ही दिवस तोंड उघडलं नव्हतं. अध्यक्षा निहेई बाई रसायन विभागाच्या, शब्द तोलून टाकणाऱ्या, आणि टाकला की लागणाऱ्या. चष्मा कपाळावर सरकवून त्या पडद्याजवळ आल्या.

"हेच का ते जगप्रसिद्ध चुंबकत्व?"



"हवा दमट आहे," मागून तिचे गुरू, प्राध्यापक हाताकेयामा सेन्सेई म्हणाले. ते भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. "जून आहे. पावसाळी हवेत या फिल्म उतरत नाहीत, हे आम्ही लेखातच लिहिलंय."

"मग मी अहवालात काय लिहू, सेन्सेई? चुंबकत्व आहे, पण ते उन्हाळ्याच्या सुट्टीवर जातं?"

समितीतल्या एकाला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात दडपलं. चिहायाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"शुक्रवारी सकाळी तिसरी. शेवटची," निहेई बाई म्हणाल्या. मग आवाज थोडा खाली आणून, "त्यानंतर मात्र माझा नाइलाज आहे हं, ओनोदेरा-सान. तुम्ही म्हणता यंत्राने दाखवलं. यंत्र तर दाखवत नाहीये."

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायलाच हवं. जस्ताचा ऑक्साइड म्हणजे काही दिव्य वस्तू नव्हे. उन्हाच्या मलमात असतो, तान्ह्या पोरांच्या पावडरीत असतो. अर्धवाहक आहे खरा, पण चुंबकाशी त्याचं देणंघेणं नाही. चिहायाने मात्र त्याचा केसाहून कितीतरी पातळ थर नीलमाच्या पट्टीवर चढवला, आणि तो थर चक्क चुंबकासारखा वागला. तेही साध्या खोलीत, कुठे गोठवणं नाही की काही नाही! सेन्सेईंनी त्याचं कारण मांडलं: थरातले काही ऑक्सिजनचे अणू गळून जातात, त्या रिकाम्या जागांपाशी इलेक्ट्रॉन अडकतात आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. लेख गाजला. जवळच्या शियोगामा गावी चिहायाच्या बापाचं माशाच्या वड्यांचं दुकान आहे. त्याने पेपरातला लेकीचा फोटो कापून गल्ल्याच्या मागे चिकटवला आणि गिऱ्हाईक विचारो न विचारो, सांगत सुटला.

मग बाहेरच्या लोकांनी तसंच करून बघितलं. कोणालाही काहीही मिळालं नाही. आणि खरं सांगायचं तर चिहायालाही फक्त हिवाळ्यातच मिळायचं. एप्रिल उजाडला की फिल्म मुकी. सेन्सेईंकडे त्याचंही उत्तर होतं: आमच्याकडचा उन्हाळा दमट, ती ओल त्या रिकाम्या जागांत शिरून बसते. पटण्यासारखं होतं, सगळ्यांना पटलंही. शेवटी कोणीतरी विद्यापीठाला बिनसहीची तक्रार पाठवली, की ओनोदेराने आकडे घरी बसून रचले. झालं! तिचा प्रबंध तयार होऊन पडला होता तो तिथेच अडकला, नाव सगळीकडे बदनाम झालं, आणि समितीने सांगितलं की आमच्या डोळ्यांसमोर तीन फिल्म करा, एकीला तरी पोट येऊ द्या. नाही आलं तर तक्रार खरी धरू. म्हणजे पदवी गेली, नोकरी गेली, त्याहून वाईट म्हणजे जन्मभर खोटारडी हा शिक्का. चिहायाने आयुष्यात बसच्या तिकिटाचीसुद्धा लबाडी केली नव्हती. तिला रात्ररात्र झोप नव्हती ती त्या एका शब्दामुळे.

समिती गेल्यावर सेन्सेईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. ते कधी दार लावत नसत.

हाताकेयामा सेन्सेईंचं येत्या मार्चमध्ये निवृत्त व्हायचं ठरलेलं. शेवटचं व्याख्यान कुठल्या सभागृहात, त्याची बोलणीसुद्धा झालेली. माणूस तापट, पण पोरांवर जीव. जुन्या इमारतीतला हीटर म्हणजे नावाला हीटर. आमच्या सेन्दाईच्या फेब्रुवारीत तिथे शाई गोठायची बाकी राहते. म्हणून हिवाळाभर रोज सकाळी सेन्सेई प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात कायरोची एकेक पुडी ठेवत. खिशात ठेवायची, हात शेकायची ती कापडी पुडी हो, दुकानात ढिगाने मिळते ती. वरचं वेष्टन स्वतः फाडणार, दोन्ही तळव्यांत चोळून गरम करणार, मगच देणार. "गार हात थरथरतात," म्हणायचे, "आणि थरथरत्या हाताने फिल्म करायची नाही." चिहायाच्या बापानेही कधी तिचे हात असे जपले नव्हते.

तेच सेन्सेई आज तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बोलले.

"ओनोदेरा, एक विचारतो. एकदाच विचारतो. ते आकडे यंत्रानेच दिलेले ना?"

तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने झटकन मान वर केली.

"सेन्सेई, तुम्हीसुद्धा?"

"मी विचारलं फक्त."

"यंत्रानेच दिलेले. एकूण एक."

"बरं," ते म्हणाले. "शुक्रवारी नीट कर. जा आता."

बाहेर येऊन ती जिन्यात बसली. रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. परके लोक काय वाटेल ते म्हणोत. पण ज्याने हात धरून शिकवलं त्याने दार लावून असं विचारावं?

एबिना तिला शोधत तिथेच आला. एबिना तिच्याहून दोन वर्षं मागे, तिच्याच विषयावर काम करणारा, तोंडाने सैल पोरगा. त्याने एक ओनिगिरी, भाताचा तो तिकोनी गोळा, तिच्या हातात कोंबली आणि दुसरीचं प्लास्टिक स्वतः सोलायला घेतलं.

"खा. उपाशी माणसाची फिल्म चिकटत नाही."

"एबिना, गंमत नको करूस."

"मग काय करू? तुम्ही बुडालात की मीही बुडतो. माझा प्रबंध काय वेगळा आहे? तुमच्याच फिल्मवर माझी चार प्रकरणं उभी आहेत." तो शेजारी बसला. "असं करा ना, शुक्रवारी सगळं हुबेहूब हिवाळ्यासारखं करा. एक गोष्ट सोडायची नाही."

"तेच तर करतेय. ऑक्साइडची तीच गोळी, तिची वाफ उडवणारा तोच लेसर, तेच तापमान. चिमटा प्लास्टिकचा. लोखंडी चिमटा तर मी इथे यायच्या आधीच हद्दपार झालाय."

आणि खरंच, या लोकांनी काय कमी काळजी घेतली होती! लोखंडाचा कण म्हणजे यांचा जन्माचा वैरी. डोळ्याला न दिसणारा एक कण नमुन्याला लागला तरी यंत्र त्याचंच चुंबकत्व मोजून दाखवतं. म्हणून चिमटे प्लास्टिकचे, पट्ट्या कापायच्या हिऱ्याच्या टोकाने, नमुना यंत्रात सोडायचा तो सरबताच्या स्ट्रॉमध्ये घालून. होय, साध्या सरबताच्या स्ट्रॉमध्ये. जगभर तसंच करतात; प्लास्टिकमध्ये चुंबकत्व नाही, आणि हवा निघून जावी म्हणून तिला टाचणीने भोकं पाडायची. इतकं सगळं करून कोरी नीलमाची पट्टीही मोजून झाली होती. ती सपाट. मग शंका घ्यायची कुठे?

"फिल्म त्या निर्वात टाकीतून काढल्यावर?" एबिनाने विचारलं. "मग काय करता?"

"पट्टी कापते, स्ट्रॉमध्ये घालते, अंगण ओलांडून मोजणीच्या इमारतीत नेते."

"हातात?"

"डबीत." ती थांबली. "हिवाळ्यात खिशात. सेन्सेईंचाच नियम ना, बाहेरच्या बर्फातून गार नमुना आतल्या उबेत नेला की त्यावर दव धरतं. म्हणून अंगाशी धरून न्यायचा."

"मग झालं! कोट घाला," एबिना हसत म्हणाला. "जूनमध्ये कोट घालून चाला अंगणातून. निहेई बाई वेड लागलं म्हणून तरी सोडून देतील."

तो गंमतच करत होता. पण बुडत्याला काय, काडीचाही आधार; ती उठली आणि कपाटाकडे गेली. मार्चपासून तिचा जाड निळा कोट तिथेच लटकत होता. तिने तो चढवला, आणि सवयीने हात उजव्या खिशात घातला.

खिशात एक टणक ढेकूळ होतं. हिवाळ्यातली शेवटची कायरोची पुडी, थंड होऊन वडीसारखी घट्ट झालेली. बाहेर काढली तर कापडाची एक शिवण उसवली होती, आणि तिच्या नखांत तांबूस काळी भुकटी भरली होती. तिने खिसा उलटा केला. शिवणीत तीच भुकटी, स्ट्रॉच्या भोकांतून सहज आत जाईल इतकी बारीक.

कायरो गरम कशाने होते, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पुडीच्या पाठीवर छापलेलंच असतं की ठळक! आत लोखंडाचा भुगा असतो. हवा लागली की तो गंजतो, आणि गंजताना तापतो. चुंबकाचे एवढे मोठे पंडित सगळे, चिमट्याच्या टोकाला घाबरणारे, आणि हिवाळाभर लोखंडाची पिशवी खिशात घालून नमुना तिच्याच शेजारी ठेवून अंगण ओलांडत होते! हसावं का डोकं आपटून घ्यावं, कळत नाही.

चिहायाने टेबलावरचा चुंबक उचलला आणि पुडीजवळ नेला. पुडी टुणकन त्याला जाऊन चिकटली.

एबिनाच्या तोंडातला घास तसाच राहिला. "अरे देवा."

"कोरी पट्टी आण," चिहाया म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"कोरी तर मोजलीय ना आपण? सपाट आली होती."

"ती कुठे ठेवलेली असते? मोजणीच्या इमारतीत, तिथल्या कपाटात. तिथल्या तिथे काढून मोजली. ती कधी कोणाच्या खिशात गेलीच नाही."

त्यांनी कोरी पट्टी घेतली, नवी स्ट्रॉ, टाचणीची भोकं. चिहायाने ती स्ट्रॉ कोटाच्या खिशात त्या पुडीशेजारी ठेवली आणि जून महिन्याच्या उकाड्यात कोट घालून अंगण ओलांडलं. मोजणीला वेळ लागतो. एबिना चहा आणायला म्हणून दोनदा गेला आणि दोन्ही वेळा विसरून हात हलवत परत आला. चिहाया जागची हलली नाही. सकाळी जी रेघ वाकावी म्हणून तिने विनवण्या केल्या, तीच आता वाकू नये म्हणून ती जीव मुठीत धरून बसली होती.

रेघ वाकली. मधोमध पोट आलं, गोल, गुबगुबीत, लेखात छापलं होतं अगदी तसंच. आणि थर तर नव्हताच! पट्टीवर ऑक्साइडचा कणसुद्धा नव्हता.

 मग एबिना खुर्ची सरकवून तिच्याजवळ आला आणि कुजबुजत म्हणाला, "ओनोदेरा-सान. हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे."

"मग?"

"मग शुक्रवारी कोट घाला. थंडी वाजतेय म्हणा, ताप आहे म्हणा. फिल्म त्यांच्यासमोर करा, खिशात घालून न्या. रेघेला पोट येईल. ते सही करतील, तुमची पदवी मोकळी. सेन्सेई मानाने निवृत्त. मी..." तो अडखळला. "मला आणखी एकच वर्ष हवंय हो."

तिने त्याच्याकडे बघितलं. पोरगा वाईट नव्हता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. आणि मोह काय तिला झाला नसेल? झाला. चांगला घसघशीत झाला. तिच्या मनात बापाचं दुकान आलं, गल्ल्यामागचा फोटो आला. शुक्रवारी फक्त एक कोट घालायचा होता. कोणाला काही सांगायचंही नव्हतं.

"आजपर्यंत मी खोटं बोलले नाही, एबिना," ती हळू म्हणाली. "एवढ्या एका गोष्टीवर मी तग धरून आहे. शुक्रवारी कोट घातला तर ती तक्रार खरी होईल."

"आणि नाही घातला तरी खरीच धरणार आहेत!"

"घालणार आहे. सांगून घालणार आहे."

त्याला आधी उमगलं नाही. उमगलं तेव्हा त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आणि सेन्सेई? मार्चमध्ये शेवटचं व्याख्यान आहे त्यांचं. पुडी दिली कोणी? दारात उभं राहून, चोळून चोळून?"

इथेच तर तिचं अडलं होतं.

गुरुवारी सकाळी तिने सेन्सेईंचं दार वाजवलं. ते व्याख्यानाच्या आकृत्या टेबलावर मांडून बसले होते. सगळीकडे त्यांचे ते गळालेले अणू, छोटे छोटे पोकळ गोल, सुबक हाताने काढलेले.

"काय गं?"

"सेन्सेई, एक कायरो हवी होती."

"कायरो?" ते हसले. कालच्या त्या प्रश्नानंतर पहिल्यांदाच हसले. "जूनमध्ये? बरं नाही का तुला?"

"उद्याच्या मोजणीला हवी आहे."

आता हा माणूस काही साधासुधा नव्हता. सगळी हयात चुंबकात गेलेली. तिला पुढे एक अक्षर बोलावं लागलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण आतून कोणीतरी दिवा काढून न्यावा तसे डोळे विझले. ते खुर्चीत मागे रेलले.

"कोरी पट्टी मोजलीस?"

"काल दुपारी. खिशातून नेऊन."

"पोट आलं?"

"आलं."

 मग त्यांनी विचारलं, "एबिनाला ठाऊक आहे?"

"आहे."

"आणखी कोणाला?"

"कोणालाच नाही."

हा शेवटचा प्रश्न विचारताना सेन्सेईंचा आवाज कोरडा पडला होता. आता हे म्हणणार, गप्प बस. म्हणाले तर? यांच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. जायचं म्हटलं तरी पाय उचलतील का, तिलाच खात्री नव्हती.

सेन्सेईंनी एक आकृती हातात घेतली, बघितली, उलटी करून ठेवली.

"उद्या नुसता कोट घालून गेलीस तर कोणी काही विचारणार नाही."

"नाही विचारणार."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?" ते एकदम उसळले, टेबलावर हात आपटला. "कशाला आलीस मला सांगायला? उद्या परस्पर सांगून मोकळी झाली असतीस! माझी परवानगी हवीय तुला? माझ्या सगळ्या वर्षांवर पाणी ओतायला?"

ती जागची हलली नाही.

"तुम्हाला सगळ्यांसमोर कळायला नको, म्हणून आले," ती म्हणाली. "आणि जुनी पुडी दगड झालीय. हिवाळ्यात द्यायचात तशीच हवी. जूनमध्ये ती कुठल्या दुकानात मिळत नाही, सेन्सेई. तुमच्याकडेच मिळेल."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग वाकून सगळ्यात खालचा खण ओढला. आत मागच्या हिवाळ्यातलं उरलेलं खोकं होतं. त्यांनी एक पुडी काढली, वेष्टन फाडलं, आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळायला लागले. सवयीने. चोळता चोळता थांबले.

"हिला उद्यापर्यंत ऊब राहायची नाही," ते म्हणाले. "आत्ताच कशाला फाडली मी."

त्यांनी न फाडलेली दुसरी पुडी काढून तिच्यासमोर ठेवली. पण पहिलीही तिच्याच हातात दिली. फेकायची तरी कशी? चिहाया जिना उतरली तेव्हा ती तिच्या मुठीत चांगली तापली होती, आणि जिन्याच्या वळणावर तिला रडू आवरलं नाही.

शुक्रवारी समिती वेळेवर हजर. चिहाया दारात उभी राहिली ती जाड निळा कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. बाहेर पाऊस नुकता थांबलेला, हवा घामट. निहेई बाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. आज मी फिल्म करणार नाही."

"म्हणजे?" बाईंचा आवाज चढला. "ओनोदेरा-सान, ही तुमची शेवटची संधी आहे, हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. दोन पट्ट्या घेऊ. दोन्ही कोऱ्या, थर एकीवरही नाही. एक तुम्ही तुमच्या डबीतून न्या. दुसरी मी नेते, हिवाळ्यात नेत होते तशी. मग दोन्ही मोजू. तेवढं करू द्या, नंतर माझं काय करायचं ते करा."

निहेई बाई काहीतरी बोलणार होत्या. पण खोलीच्या मागच्या खुर्चीवर हाताकेयामा सेन्सेई बसले होते, आणि त्यांनी मान हलवली. बाईंनी डबी उघडली.

चिहायाने सगळ्यांसमोर पुडीचं वेष्टन फाडलं, ती चोळली, खिशात टाकली. त्याच खिशात कोरी पट्टी घातलेली, भोकं पाडलेली स्ट्रॉ. समितीतले ते दोन मुके आता एकमेकांकडे बघायला लागले. सगळी वरात अंगण ओलांडून मोजणीच्या इमारतीत गेली. एबिना सगळ्यात मागे, मान खाली घालून.

आधी बाईंची पट्टी. सपाट. मग चिहायाची. पडद्यावर ठिपके एकामागोमाग उमटत गेले, आणि अर्ध्यावर यायच्या आतच निहेई बाईंचा श्वास अडकलेला सगळ्यांना ऐकू आला. रेघेला पोट आलं होतं.

"हा तुमच्या लेखातला आलेख आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"पण थर नाहीये."

"नाहीये. कधीच थराचं नव्हतं ते. लोखंडाचं होतं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रागाचा मागमूस नव्हता आता. "आणि लोखंड आलं कुठून?"

चिहायाने हे उत्तर बसमध्ये घोकून ठेवलं होतं. "माझ्या खिशातून," ती म्हणाली. "मी निष्काळजीपणा केला. चूक सर्वस्वी माझी..."

"खिसा तिचा," मागून आवाज आला. "पुडी माझी."

हाताकेयामा सेन्सेई उठून उभे राहिले होते. 

"हिवाळ्यात रोज सकाळी दारात उभं राहून मी दिली. माझ्या हाताने चोळून दिली. नमुना अंगाशी धरून न्यायचा, हा नियमही माझाच. तिने फक्त ऐकलं. निहेई-सान, हे माझ्या नावावर लिहा."

एबिनाने तोंड फिरवलं.  निहेई बाई चिहायाकडे वळल्या.

"म्हणजे तुमचे आकडे खरे होते."

"हो," चिहाया म्हणाली.  महिनोन्‌महिने हे एक वाक्य कोणीतरी बोलावं म्हणून ती तडफडत होती, आणि ते आलं तेव्हा तिचा सगळा प्रबंध पायाखालून निघून गेला होता. तरी छातीवरचं ओझं उतरलं हे खरं. पहिल्यांदा पोटभर श्वास आला.

तेवढ्यात सेन्सेई खुर्च्यांमधून वाट काढत तिच्यासमोर आले. दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेतून वाकले. विद्यार्थिनीसमोर, समितीसमोर, पांढरं झालेलं डोकं खाली, आणि वर येईचनात.

"बुधवारी मी जे विचारलं," ते वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले, "ते विचारायला नको होतं. माफ कर."

"सेन्सेई, नका असं... उठा ना, सेन्सेई."

ती स्वतःही वाकली. दोघं समोरासमोर वाकून उभी, आणि आधी कोण उठणार ते ठरेना. शेवटी सेन्सेईंनीच मान वर केली. तिच्या कपाळावरून, नाकावरून घाम निथळत होता. खिशातली पुडी तर आत्ता कुठे पुरती तापली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि नेहमीच्या खेकसत्या आवाजात म्हणाले,

"तो कोट काढ आधी. जीव जाईल या उकाड्यात."

तिने बटणं सोडवायला घेतली. हात इतके थरथरत होते की वरचं बटण सुटेना, तेव्हा सेन्सेईंनी ते सोडवून दिलं.